होय-नाहीची बेरीज करावी का?

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत 'ट्रू अधिक ट्रू', म्हणजे 'होय अधिक होय', लिहिले तर उत्तर २ येते. जावामध्ये तेच लिहिले तर प्रोग्राम कम्पाइलच होत नाही. भडगाव-पाचोऱ्याकडच्या कॉलेजात दोन्ही भाषा शिकणाऱ्या मुलाने 'यातले बरोबर कोणते?' असे विचारले, तर त्याला एका वाक्यात उत्तर देणे अवघड आहे.

होय-नाहीला संख्या मानणाऱ्यांची बाजू कच्ची नाही. सी भाषेत १९९९च्या प्रमाणकापर्यंत यासाठी वेगळा प्रकारच नव्हता; तुलना खरी ठरली तर १, खोटी ठरली तर ०. पायथनमध्येही आधी तसेच चाले. २००२ साली पायथनचे जनक गिडो व्हान रॉसम यांनी वेगळ्या प्रकाराचा प्रस्ताव मांडला, पण तो पूर्णांकाचाच उपप्रकार ठेवला, कारण १ आणि ० धरून लिहिलेले जुने प्रोग्राम बंद पाडायचे नव्हते. शिवाय सोय मोठी. प्रत्येकाचे गुण ३५ किंवा जास्त आहेत का, एवढे विचारून उत्तरांची थेट बेरीज केली की पास झालेल्यांचा आकडा हाती येतो.

मात्र हीच सोय कधी अंगलट येते. समजा, यादीत ६२, ४१, २८ आणि ० असे गुण आहेत आणि गैरहजर विद्यार्थ्यापुढे कुणी 'फॉल्स', म्हणजे 'नाही', लिहिले. पायथन कुरकुर करत नाही. पाच जणांची सरासरी २६.२ येते, परीक्षेला बसलेल्या चौघांची खरी सरासरी ३२.७५ आहे. शून्य गुण किती जणांना, असे विचारले तर उत्तर मिळते: दोघांना. पेपर देऊन भोपळा मिळालेला आणि पेपरलाच न आलेला, दोघे एकाच रांगेत. एरर कुठेच नाही, म्हणून चूक निकाल लागेपर्यंत लपून राहते.

यावर कोणी म्हणेल, नसण्याला संख्या मानण्यात एवढे वावगे काय? भडगावला लागूनच चाळीसगाव तालुका. तिथल्या पाटणे येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याचा १२०७ सालचा शिलालेख आहे. शून्याला संख्यांच्या पंगतीत बसवणाऱ्या परंपरेचाच हा वारसा, आणि त्यातून झालेला लाभ कोणी नाकारणार नाही. तथापि भागाकाराशी गाडे अडलेच. शून्याने भागलेल्या राशीला भास्कराचार्यांनी 'खहर' असे वेगळे नाव दिले; आजचे अंकगणित तो भागाकार करूच देत नाही. पंगतीत घेतले म्हणजे प्रत्येक क्रिया खपवून घेतली, असे होत नाही.

तर्काचे बीजगणित मांडणारे जॉर्ज बूल यांचा दाखला तर दोन्ही बाजू देतात. त्यांनी १८५४च्या ग्रंथात १ आणि ० हीच चिन्हे वापरली, हे खरे. दुसरीकडे, राशीचा वर्ग म्हणजे तीच राशी हा त्यांचा नियम, आणि तो १ व ० यांनाच लागू पडतो. २ त्यात बसत नाही.

आमचा कौल वेगळेपणाच्या बाजूने आहे, पण पायथनला दोषी धरून नव्हे. २००२ साली जुने प्रोग्राम सांभाळणे हाच शहाणपणा होता. नव्याने घडणाऱ्या भाषेवर मात्र तो बोजा नाही. तिने दोन्ही प्रकार अलग ठेवावेत आणि एकातून दुसऱ्यात जायचे असेल तर तसे लिहायला लावावे. खर्च चार अक्षरांचा आहे. रस्ट भाषा हेच करते, आणि तिथे पास झालेले मोजायला कोणाचे अडत नाही. खुद्द पायथनही एका ठिकाणी मागे सरकतो आहे: 'ट्रू'वर बिट उलटवण्याचे चिन्ह लावले की 'फॉल्स'ऐवजी उणे २ मिळते, आणि २०२३च्या ३.१२ आवृत्तीपासून त्यावर इशारा येतो.

तोवर पायथन वापरणाऱ्यांनी एवढे करावे: गैरहजर विद्यार्थ्यापुढे 'फॉल्स' न लिहिता 'नन', म्हणजे 'मूल्यच नाही', लिहावे. मग बेरीज करताना पायथन तिथेच एरर देऊन थांबतो.