दम आणि दांडगाई

लासलगाव म्हटले की बाहेरच्या माणसाला कांद्याचे लिलाव आणि ट्रॅक्टरांची रांग एवढेच आठवते. पण बाजार उठल्यावर इथली पोरे कबड्डीही खेळतात. अशाच एका सामन्याला मी कडेला उभा होतो. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, पाठीवर दहा आकडा असलेला सदरा घातलेला एक मुलगा चढाईला गेला. परत वळताना एकाने त्याच्या पायात पायांची कैची घातली. मुलगा गुडघा धरून कळवळत बसला. गर्दीने टाळ्या वाजवल्या आणि पंचाने मुलाला बाद दिले. ‘आता पुरे तुझी कबड्डी,’ असे म्हणत त्याची आई त्याला घरी घेऊन गेली.

त्या सदऱ्यामुळे मला मेस्सीच्या अर्जेंटिनाची एक जुनी गोष्ट आठवली. तिथला फुटबॉल मूळचा पायाच्या जादूचा. १९५७ साली लिमा येथे याच खेळावर त्यांनी दक्षिण अमेरिकेचे अजिंक्यपद जिंकले. त्यातले तीन बिनीचे खेळाडू लगेच इटलीत गेले आणि १९५८ च्या विश्वचषकात चेकोस्लोव्हाकियाने अर्जेंटिनाला ६-१ असे धुतले. परतलेल्या संघावर विमानतळावर लोकांनी नाणी फेकली. मग शिस्त हवी, ताकद हवी, असा धोशा सुरू झाला. शिस्त आली, पण तिच्या पाठोपाठ दांडगाईही आली. १९६९ साली एस्तुदियान्तेस या क्लबने मिलानविरुद्ध असा काही खेळ केला की नेस्तोर कोंबिन हा खेळाडू रक्तबंबाळ झाला आणि एस्तुदियान्तेसच्या तिघांना तुरुंगात जावे लागले. पराभवाची भीती माणसाला आपलीच कला टाकायला लावते, ती अशी.

कबड्डीत आपणही अशाच वळणावर आहोत. हुतूतूला नियमांच्या चौकटीत बसवण्यात मराठी माणसांचा वाटा मोठा. १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने तिची नियमावली सिद्ध केली. मातीवरचा खेळ दमाचा आणि चपळाईचा होता. गडी टिपून निसटणे ही त्यातली शान. पुढे मॅट आली, चढाईला तीस सेकंदांचे बंधन आले. प्रो कबड्डीने दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरीत गुण घेणे भाग पाडले. साहजिकच बचाव करणारे दबा धरून बसू लागले, अंगावर धडक मारू लागले आणि वजनदार खेळाडूंना भाव आला. १९९० पासून आशियाई खेळांत पुरुषांचे प्रत्येक सुवर्ण जिंकणारा भारत २०१८ साली जाकार्तात उपान्त्य फेरीत इराणकडून हरला, तेव्हा ‘आणखी ताकद हवी’ हा आपल्याकडचा सूरही चढला. हांगझोऊला २०२३ मध्ये सुवर्ण परत आले, पण तो सूर गावोगावच्या मैदानांवर अजून ऐकू येतो.

ताकद हा दोष नव्हे. घोट्याची पकड, मांडीची पकड, दोघांची साखळी यांना ताकद लागते आणि त्यात सौंदर्यही आहे. पण कैची ही पकड नव्हे. नियमानुसार पायांची कैची घातली, गळा दाबला, तोंड बंद केले किंवा इजा होईल अशी झोंबाझोंबी केली, तर चढाई करणारा बाद होत नाही. नियम इतका जपणारा आहे की नखे वाढवून मैदानात उतरायलाही बंदी आहे. मग दांडगाई वाढते कशी? पंच कानाडोळा करतो आणि आपण टाळ्या वाजवतो म्हणून!

मैदानात कोणता खेळ रुजेल, हे प्रशिक्षकाइतकेच कडेची गर्दी ठरवते. मुलाला घरी नेणाऱ्या त्या माउलीला मी दोष देणार नाही. मातीवरच्या कबड्डीला शूज, बॅट, काहीच लागत नाही. शेतमजुराच्या पोरालाही ती मोफत मिळते. हा खेळ आईला धोक्याचा वाटू लागला, तर त्याचे मोठे नुकसान अशाच घरांचे होईल. तेव्हा पुढच्या रविवारी मुलांचा सामना बघायला जा, आणि कैची दिसली तर टाळी नका वाजवू. पंचाला नियम विचारा.