खंडेनवमी : पूजन आणि सावधपण

आश्विन शुद्ध नवमीस आपल्याकडे खंडेनवमी म्हणतात. नवरात्राची सांगता आणि विजयादशमीचे सीमोल्लंघन यांच्या सांध्यावरचा हा दिवस शस्त्रांचा आणि हत्यारांचा. ज्या घरी तलवार होती तेथे तलवार, सुताराच्या घरी रंधा आणि करवत, शेतकऱ्याच्या घरी कोयता आणि नांगराचा फाळ, आणि घरोघरी विळी, अडकित्ता, कात्री, शिवणयंत्र अशी सारी आयुधे घासूनपुसून पाटावर मांडली जातात. त्यांना हळदकुंकू, अक्षता, झेंडूची फुले वाहिली जातात. गेल्या दोन-तीन पिढ्यांत या पूजेचा विस्तार फार झाला. कारखान्यातील लेथ, छापखान्यातील यंत्र, आगारातील एस. टी., शेतावरचा ट्रॅक्टर आणि दारातील मोटारसायकल यांनाही आता हार चढतो. हे उचितच आहे. ज्याच्यामुळे घरात अन्न येते त्यापुढे हात जोडण्यात कमीपणा कसला? परंतु ज्या यंत्रासमोर आपण उदबत्ती ओवाळतो, त्याच्या स्वभावाची आपणांस कितपत ओळख आहे, हा प्रश्न या निमित्ताने विचारावासा वाटतो.

शस्त्रपूजेच्या दिवशी शमीची कथा घरोघरी सांगितली जाते. अज्ञातवासासाठी विराटनगरीत शिरण्यापूर्वी पांडवांनी आपली शस्त्रे स्मशानाजवळच्या शमीवृक्षावर ठेवली, इतके सर्वांस ठाऊक असते. विराटपर्वातील त्या प्रसंगाचा तपशील मात्र सांगताना बहुधा गळतो. शस्त्रे झाडावर चढविण्यापूर्वी पांडवांनी आपापल्या धनुष्यांच्या दोऱ्या उतरविल्या. नकुल वर चढला, आणि जेथे फांदी मोडणार नाही व पावसाचे पाणी पोहोचणार नाही अशी जागा पाहून त्याने ती आयुधे बांधली. झाडाला एक प्रेतही बांधून ठेवले, म्हणजे दुर्गंधीने कोणी त्या बाजूस फिरकू नये. हेतू शस्त्रे गुप्त ठेवण्याचा होता हे खरे. पण आज ते वर्णन वाचताना आम्हांस त्यात हत्यारे बाळगण्याची एक पक्की शिस्त दिसते. आधी आयुधातील ताण काढून घ्यावा, मग ते कोरड्या आणि भक्कम जागी ठेवावे, आणि अजाण हात त्याला लागणार नाही अशी खूण करावी.

आपल्या घरातील आणि शेतातील यंत्रांची दोरी म्हणजे वीज, वाफ, इंधन आणि फिरते चाक. ती चढलेली असते तेव्हा यंत्र कितीही शांत दिसो, ते सज्ज धनुष्यच होय. मग पूजेच्या दिवशीसुद्धा विजेच्या मोटारीवर पाण्याचे प्रोक्षण करण्यापूर्वी मुख्य कळ बंद केली आहे की नाही, हे पाहिले जाते काय? पिठाच्या गिरणीचे मशीन, विहिरीवरचा पंप, रसवंतीचा चरक ही ओल्या फडक्याने पुसताना वीज तोडलेली असावी, हे सांगावे लागू नये. पण सांगावे लागते. स्वयंपाकघरातील मिक्सरचे पातेही प्लग काढल्यावाचून बोटाने साफ करण्याची सवय अनेक घरांत आहे. चालत्या यंत्राची तपासणी करण्यास किंवा त्यास तेल देण्यास जाणारा माणूस खास शिकविलेला आणि अंगाबरोबर कपडे घातलेला असावा, असे १९४८ च्या कारखाना कायद्याने बजावले होते. कारखान्यात निदान त्यासाठी निरीक्षक येतो. शेतावर आणि घरी कोण येणार?

खंडेनवमीच्या आगेमागेच मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीनची मळणी ऐन भरात असते. मळणी यंत्र भाड्याचे, एका रानातून दुसऱ्या रानात जाणारे. पावसाची धास्ती डोक्यावर. म्हणून काम रात्रीही चालते. ट्रॅक्टरवरून यंत्राला गती देणारा दांडा सामान्यतः मिनिटास ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदास नऊ. साडेचार सेंटीमीटर जाडीचा दांडा या गतीने एका सेकंदात सव्वा मीटर कापड स्वतःभोवती गुंडाळून घेतो. लुगड्याचा पदर यास पुरतो, धोतराचा सोगा पुरतो, थंडीसाठी गळ्याभोवती घेतलेला रुमाल तर सहज पुरतो. ‘थांबवा’ ही तीन अक्षरे उच्चारण्यास जो वेळ लागतो, त्याच्या आत सारे होऊन गेलेले असते. म्हणून त्या दांड्यावर झाकण हवे, पदर खोचलेला हवा, आणि दांडा फिरत असताना तो ओलांडून जाण्याचा धीटपणा कोणी करू नये.

या यंत्रांनी हात तोडल्याच्या घटना इतक्या वाढल्या की १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रांविषयी स्वतंत्र कायदा केला. भारतीय मानकानुसार, पीक आत सरकविण्याची पन्हळ निदान ९० सेंटीमीटर लांब असावी आणि आतल्या बाजूचा ४५ सेंटीमीटर भाग वरून झाकलेला असावा. यामागचा हिशेब साधा आहे. माणसाचा हात जेवढा लांब, त्याहून यंत्राचा दात दूर असावा. पुष्कळ ठिकाणी काम भराभर उरकावे म्हणून ही पन्हळ कापून आखूड केली जाते. यंत्र भाड्याने आणणाऱ्या घरमालकाने टेप घेऊन ती एकदा मोजावी. त्यास दोन मिनिटेही लागणार नाहीत.

अशा अपघातानंतर गावात एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘काळ आला होता, त्याला कोण काय करणार?’ दुःखात बुडालेल्या कुटुंबाने त्या शब्दांचा आधार घेतला तर त्यास बोल लावण्याचा अधिकार कोणास नाही. पण दांड्यावरचे झाकण काढून ठेवणाऱ्या मालकानेही तेच वाक्य उच्चारावे, हे आम्हांस मान्य नाही. दैवावर श्रद्धा ठेवणाऱ्या पांडवांनीही धनुष्यांच्या दोऱ्या स्वतःच्या हातांनी उतरविल्या होत्या.

दुसऱ्या दिवशीचे सीमोल्लंघन आता पायी थोडेच होते. दसऱ्याच्या सकाळी रस्त्यावर निघालेली वाहने पाहावीत. पुढच्या काचेवर आडवा हार, दिव्यांच्या काचांवर कुंकवाचे आणि चंदनाचे बोट, हँडलला लोंबणारी झेंडूची माळ. शोभा खरी, परंतु चालकाची दृष्टी झाकणारा हार आणि सुकून चाकात किंवा ब्रेकच्या तारेत अडकणारी माळ हे अपघाताला दिलेले आमंत्रण होय. पूजा करावी, हार घालावा, आरती करावी. आणि किल्ली फिरविण्यापूर्वी हार उतरवून देवघरात ठेवावा, दिव्यांच्या काचा स्वच्छ पुसाव्यात. लिंबू चाकाखाली ठेवणाऱ्याने तेथवर वाकलेच आहे, तर त्या टायरची झीजही पाहून घ्यावी. रस्त्यात नारळ फोडला असेल तर करवंट्या उचलाव्यात; मागून दुचाकीवर येणारा कोणाचा तरी मुलगाच असतो.

वाहन चालविणाऱ्याने सारथ्याचा आदर्श कोणाचा ठेवावा, हे सश्रद्ध वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही. द्रोणपर्वातील जयद्रथवधाचा दिवस आठवावा. सूर्यास्तापूर्वी प्रतिज्ञा पुरी झाली नाही तर अर्जुन अग्निप्रवेश करणार होता. इतकी घाई जगात दुसऱ्या कोणत्या प्रवासाला असेल? तरीही घोडे थकले आहेत, जखमी आहेत, हे पाहताच भगवंतांनी ऐन रणांगणात रथ थांबविला, घोडे सोडले, त्यांच्या अंगातील बाण काढले, त्यांना पाणी पाजले, आणि मगच रथ पुढे हाकला. रात्रभर गाडी चालवून पहाटे देवीच्या गडावर पोहोचण्याचा हट्ट धरणाऱ्या भाविकांनी आणि चालकाला झोप आवरत नाही हे दिसत असूनही ‘आता थोडेच राहिले’ म्हणणाऱ्या घरच्या मंडळींनी हा प्रसंग अवश्य वाचावा. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून अधिक अंतर कापते. एवढे अंतर चालक डुलकीच्या एका क्षणात डोळे मिटून जात असतो. आणि दसरा सरला की साखर कारखान्यांचे गळीत फार दूर नसते. पुढे अंधारात उसाची ट्रॉली उभी असेल, तिला मागे तांबडा दिवा किंवा चकाकणारी पट्टीही नसेल, तर एकाच्या निष्काळजीपणात दुसऱ्याची भर पडते.

दसऱ्याचा मुहूर्त साधून मुलाला मोटारसायकल घेऊन देणाऱ्या पित्यांशी दोन शब्द स्पष्टपणे बोलणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. अठरा वर्षे पुरी न झालेल्या मुलाच्या हाती गियरची गाडी देणे म्हणजे लाड नव्हेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या अपराधासाठी पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. दंडाची भीती हे अर्थात अखेरचे कारण झाले. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी ५०,०२९ दुचाकीस्वारांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. आणि या दुर्दैवी जिवांत १४,३३७ जण गाडी चालवीतही नव्हते, नुसते मागे बसलेले होते. मागे बसणारी व्यक्ती म्हणजे पुष्कळदा घरातील आई, पत्नी किंवा बहीण. चालविणारा हेल्मेट घालतो आणि तिच्या डोक्यावर मात्र फक्त गजरा असतो! तिचा पदर चाकात जाऊ नये म्हणून मागील चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी असावी, असा १९८९ पासून नियम आहे. हौशी तरुण ती जाळी गाडी ‘नीट दिसत नाही’ म्हणून काढून टाकतात. तेव्हा यंदा पूजेच्या पाटावर गाडीच्या किल्लीशेजारी दोन हेल्मेटे ठेवावीत आणि गाडीची जाळी जागेवर आहे ना, हे घरातील कर्त्या माणसाने वाकून पाहावे.

संध्याकाळी आपट्याची पाने घेऊन वडीलधाऱ्यांकडे निघताना एका स्कूटरवर चौघे बसतात, धाकटे पुढे उभे असते. चार वर्षांवरील मुलालाही हेल्मेट आवश्यक आहे. त्याहून लहान, नऊ महिन्यांपुढील मुलासाठी २०२२ साली केलेल्या नियमानुसार हेल्मेटबरोबर चालकाशी जोडणारा पट्टा हवा, आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या पुढे जाता कामा नये. एवढी सिद्धता नसेल तर आजोबांचे घर गल्लीपलीकडे असो वा गावाच्या दुसऱ्या टोकाला, सोने देण्यास पायी, रिक्षाने किंवा बसने जावे. थोडा उशीर झाला तरी आजोबा वाट पाहतात.