आजीव वर्गणीदारांसह विकणे आहे

मराठी माणूस घर विकतो, शेत विकतो, अगदीच वेळ आली तर बायकोच्या पाटल्या विकतो. पण मासिक विकत नाही. मासिक तो बंद पाडतो. बंद पाडण्यात काहीतरी पवित्र आहे अशी आपली ठाम समजूत आहे. शेवटच्या अंकात ‘वाचकांचा निरोप घेताना’ असे संपादकीय लिहायचे, कागदाच्या भावाला दोन शिव्या घालायच्या, वाचनसंस्कृतीच्या नावाने चार उसासे टाकायचे आणि उरलेले गठ्ठे रद्दीत द्यायचे. त्या साऱ्या प्रकरणात ‘याचे किती येतील?’ हा प्रश्न ज्याच्या मनात येतो असा माणूस एकच. रद्दीवाला!

माझे म्हणणे असे, की विकावे. खुशाल विकावे, आणि धडधाकट असताना विकावे. ‘व्रत काय विकायची वस्तू आहे?’ असे म्हणून ज्यांना घेरी येते, त्यांनी जरा ‘केसरी’कडे पाहावे. १८८१ साली पाचसहा जणांनी मिळून काढलेले पत्र. पुढे मंडळींचे फाटले, तेव्हा रीतसर वाटणी झाली. आर्यभूषण छापखाना सहकाऱ्यांकडे गेला आणि ‘केसरी’, ‘मराठा’ ही दोन पत्रे डोक्यावरच्या कर्जासकट टिळकांनी घेतली. म्हणजे यंत्रे एकीकडे, नाव आणि कर्ज दुसरीकडे. त्या वेळी कोणीतरी म्हणालेच असेल, की बळवंतराव व्यवहारात कच्चे! आता बोला.

तर प्रश्न ‘विकावे की नाही’ हा नाहीच. किंमत कशी काढायची, हा आहे. आणि इथे आपली खरी पंचाईत होते.

आमचे एक मित्र चाळीस वर्षे मासिक चालवतात. दिवाळी अंकाला बरे नाव आहे. परवा एक गिऱ्हाईक आले म्हणून त्यांनी कॉमर्सला असलेल्या भाच्याला बसवले. भाच्याने पुस्तकातली रीत लावली: सरासरी नफा काढा, त्याला तिनाने गुणा, ते गुडविल. नफा वर्षाला १ लाख २० हजार. गुडविल ३ लाख ६० हजार. आमचे मित्र खुशीत. म्हणाले, “बघा, आम्हीही बाळगून आहोत काहीतरी!”

मी विचारले, “संपादकाचा पगार धरला का हो यात?”

“मी कशाला पगार घेऊ? माझेच मासिक.”

“मुद्रितशोधन?”

“ही करते.”

“जागेचे भाडे?”

“घरचीच खोली.”

आता विकत घेणारा माणूस आपल्यासोबत यांची सौभाग्यवती घेऊन जाणार नाही. त्याला संपादक ठेवावा लागेल. महिना २५ हजार म्हटले तरी वर्षाचे ३ लाख. मुद्रितशोधकाला महिना ८ हजार, म्हणजे ९६ हजार. खोलीचे महिना ६ हजार, म्हणजे ७२ हजार. बेरीज ४ लाख ६८ हजार. वजा जाता त्या नफ्याच्या जागी ३ लाख ४८ हजारांचा तोटा उभा राहतो. त्याला भाच्याने तिनाने गुणले असते, पण मामांचा चेहरा पाहून त्याने कॅल्क्युलेटर खिशात टाकला.

माझा राग आहे तो इथे. आपण ज्याला व्रत म्हणतो ते बहुतेक वेळा घरातल्या दुसऱ्या माणसाने केलेले असते. यजमान संकल्प सोडतो, उपास बाई करते. किंमत काढायला बसले की हे उघडे पडते. म्हणून तर किंमत काढणे पाप!

बाकीच्या इस्टेटीचीही अशीच गंमत. “आजीव वर्गणीदार सहाशे आहेत,” मित्र छाती फुगवून म्हणाले. यातले बरेचसे १९८६ साली पाचशे रुपये भरून आजीव झाले. ते पाचशे रुपये त्याच साली कागदवाल्याला गेले, अंक मात्र अजून जातो. ही मालमत्ता नव्हे हो, हे देणे आहे! शिवाय अंक फुकट येत असेतो मराठी माणूस सहसा मरत नाही. मेला तरी कळवत नाही, सून वाचते. घेणाऱ्याने या सहाशेंची वये विचारावीत आणि तेवढे किमतीतून वजा करावेत.

जाहिरातींचे म्हणाल, तर सहकारी बँकेची पानभर जाहिरात येते, कारण तिथले मॅनेजर यांचे वर्गमित्र. ते मार्चमध्ये रिटायर होणार. म्हणजे पान गेले.

“पण कपाटात चाळीस वर्षांच्या कथा आहेत!” कपाट तुमचे, कथा त्यांच्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे बाहेरच्या लेखकाने लेखी हक्क दिला नसेल तर हक्क त्याचाच राहतो. मानधनाचीच पावती नाही, तिथे हक्काचा कागद कुठून येणार? निदान लेखकांची फार धास्ती नको. अमेरिकेत हफिंग्टन पोस्ट २०११ साली साडेएकतीस कोटी डॉलरना विकले गेले, तेव्हा फुकट लिहिणाऱ्यांनी वाटा मागितला. कोर्टाने २०१२ साली त्यांना वाटेला लावले. आपल्याकडचा लेखक कोर्टात जाणार नाही. तो दुसऱ्या मासिकात लेख लिहील. तोही फुकट.

मग उरते काय? इंग्लंडच्या लॉर्ड एल्डननी १८१० साली गुडविलचा अर्थ सांगून ठेवला आहे: जुने गिऱ्हाईक जुन्या जागी येत राहण्याचा संभव. खटला मालवाहू गाड्यांच्या धंद्याचा होता, पण लागू मासिकाला पडतो. वाचक जर अंकासाठी येत असेल तर विकायला काही आहे. संपादकाचे अग्रलेख वाचायला येत असेल तर काही नाही, कारण ते डोके गिऱ्हाइकाला ताब्यात देता येत नाही. म्हणून विकायचे असेल त्याने आधी पाच वर्षे स्वतःचे नाव बारीक टाइपात घालावे. मराठी संपादकाला हे जमेल का, हा वेगळा प्रश्न.

“मग काय एका रुपयाला देऊ?” मित्र उखडले.

द्या की! वॉशिंग्टन पोस्ट कंपनीने २०१० साली ‘न्यूजवीक’ एका डॉलरला विकले, देण्यांसकट. त्याच कंपनीने २०१३ साली ‘वॉशिंग्टन पोस्ट’ हे पत्र पंचवीस कोटींना विकले. एकच दुकान, दोन भाव. कोणी अश्रू ढाळत शेवटचे संपादकीय लिहीत बसले नाही.

एक कलम मात्र गिऱ्हाइकाने घालून घ्यावे. गुडविल विकणाऱ्याने ठरल्या हद्दीत तोच धंदा करू नये, असा करार १८७२ च्या कायद्याला चालतो. आमच्या मित्रांना मी ओळखतो. सही वाळायच्या आत ते त्याच नावाला ‘नव’ जोडून अंक काढतील आणि सहाशे आजीव तिकडेही नाव नोंदवतील.

एवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. ट्रे ठेवला, भाच्याचा कागद उचलला, वाचला आणि म्हणाल्या, “महिना आठ हजार लावलेत ना माझे? मग चाळीस वर्षांचे किती होतात, तेवढे आधी काढ रे. आणि ‘गुडविल’मधला ‘ड’ पूर्ण काढलायस, तो पाय मोडून लिही.”