छत्र आणि छत्री

छत्रीची निवड हा निव्वळ अभिरुचीचा प्रश्न आहे, असे मानण्याची एक सोयीस्कर रीत नागर समाजात रूढ झाली आहे. घोड्यांच्या शर्यतीला निघताना ही रीत विशेष ठळक होते. पोशाखाशी जुळणारा रंग, नक्षीदार मूठ आणि झालर यांचा विचार आधी होतो. ऊन, वारा, पाऊस आणि मागे उभा असलेला माणूस यांचा शेवटी होतो, किंवा होतच नाही. इंग्लंडमधील ॲस्कटच्या छायाचित्रांवरून उचललेल्या या हौसेला अभिरुची म्हणणेच मुळात चूक आहे. अभिरुचीच्या मुळाशी औचित्य असते, आणि औचित्य स्थळकाळाशी बांधलेले असते.

बेंगळूरच्या चामराजपेटेतील एखाद्या घराचा उंबरठा हे ते स्थळ समजावे. १८९२ मध्ये वसवलेल्या या पेठेतून हाय ग्राउंड्सवरील शर्यतीचे मैदान फारसे दूर नाही. तेथील ‘उन्हाळी’ हंगाम मे महिन्यात सुरू होऊन पावसाळ्यात शिरतो. डर्बी धावते ती जुलैमध्ये. सुमारे ९०० मीटर उंचीच्या या पठारावर मे महिन्याच्या दुपारी ऊन तापते आणि सायंकाळच्या सुमारास विजा, सोसाट्याचा वारा व वळवाची सर एकदमच येतात. जुलैत आभाळ भरून राहते आणि भुरभुर चालते. झालरीच्या रेशमी छत्रीला ही सर सोसत नाही, आणि पर्समध्ये मावणारी घडीची छत्री पहिल्याच झोताने उलटी होते. उरते ती लांब दांड्याची, भक्कम काड्यांची साधी काळी छत्री. एखादी काडी मोडली तर ती रस्त्याकडेला बसलेल्या कारागिराकडून बदलून घेता येते. हा गुण कोणत्याही नक्षीपेक्षा मोठा आहे.

येथे स्वदेशीचा अभिनिवेश बाळगण्याचे कारण नाही. काळी छत्रीही परकीयच आहे. अठराव्या शतकात जोनास हॅनवे लंडनच्या रस्त्यांवरून छत्री घेऊन हिंडू लागला, तेव्हा भाड्याचे गाडीवान त्याच्यावर खवळले. कारण पावसात लोक त्यांच्या गाड्यांत बसत. १८५२ मध्ये सॅम्युएल फॉक्स याने तिला पोलादी काड्यांचा नवा सांगाडा दिला. ती जगभर पसरली ती उपयोगाच्या बळावर, ऐटीच्या नव्हे.

खरा भेद आहे तो छत्र आणि छत्री यांतला. छत्र दुसऱ्याने धरायचे असते. छत्री ज्याची त्याने. चामराजपेट या नावातले ‘चामर’ ऐकताच मराठी कानाला ‘छत्र’ आठवावे, हे स्वाभाविक आहे. शहाजीराजांकडे १६३८ नंतर बेंगळूरची जहागीर होती. त्यांच्या पुत्राने १६७४ मध्ये रायगडावर छत्र धारण केले आणि ‘छत्रपती’ हा शब्द मराठी मनात कायमचा रुजला. त्या छत्राचा अर्थ केवळ मान नव्हता. त्याच्या छायेत येणाऱ्यांच्या रक्षणाचे दायित्वही होते. शर्यतीच्या मैदानावरील दिखाऊ छत्रीला छत्राचा मान हवा असतो, दायित्व नको असते. ती डोक्यावर कमी आणि इतरांच्या नजरेवर अधिक धरलेली असते.

हे केवळ रूपक नव्हे. कठड्यालगत उघडलेली एक रुंद छत्री मागच्या कित्येकांची शर्यत हिरावते. छप्पर असलेल्या प्रेक्षागृहात बसणाऱ्याला छत्री लागतच नाही. ती लागते उघड्यावर उभ्या असलेल्याला, आणि नेमकी त्याचीच दृष्टी अडते. घोड्याचे तर काही विचारूच नये. त्याचे डोळे दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सभोवारचे दिसते आणि अचानक फडफडलेली कोणतीही वस्तू त्याला बिचकवते. घोडे फिरवतात त्या आवारात छत्री उघडणारा माणूस जॉकीच्या हाडांशी आणि मोतद्दाराच्या जिवाशी खेळत असतो. या दोघांना मात्र भर पावसात छत्री धरण्याची सोय नसते.

पोशाख ही ज्याची त्याची बाब आहे, असा आक्षेप यावर घेतला जाईल. पोशाख तशी बाब आहेही. पण छत्री अंगाबाहेर पसरते आणि दुसऱ्याची जागा व्यापते. जी वस्तू दुसऱ्याची जागा व्यापते, तिची निवड केवळ खासगी राहत नाही. शर्यत म्हणजे जुगार, मग छत्रीच्या नीतीचा काथ्याकूट कशाला, असेही कोणी म्हणेल. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ ठरवले, हे उत्तर कायद्यापुरते ठीक आहे. खरे उत्तर वेगळे आहे. पैजेत हरणाराही भिजतोच, आणि त्याच्या भिजण्याकडे पाहण्याची दृष्टी हाच येथे कसोटीचा मुद्दा आहे.

तेव्हा चामराजपेटेतून निघणाऱ्याने साधी, मजबूत, दुरुस्त होणारी छत्री घ्यावी. घोड्यांजवळ आणि कठड्याशी ती मिटून ठेवावी. सर आलीच तर मागे सरून उघडावी आणि शेजाऱ्याला तिच्याखाली घ्यावे. छत्रीला छत्राची प्रतिष्ठा मिळते ती एवढ्यानेच.