गणित म्हणजे घाई नव्हे

उसाचं बिल हातात आलं आणि शेजारच्या वहिनींनी विचारलं, "भावजी, कोल्हापुरात वैदिक गणिताचा क्लास निघालाय. धाकट्याला घालू का? चटाचटा गुणाकार करंल. मोठा गणिती हुईल न्हवं?"

मी त्यांना एका मोठ्या गणित्याची हकिकत सांगितली. वाचकहो, तीच तुम्हांलाही सांगतो.

डॉ. श्रीकृष्ण गोपाळराव दाणी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. रघुनाथन यांच्या हाताखाली ते पीएच.डी. झाले आणि पुढे अनेक वर्षं तिथंच संशोधन केलं. विषय चालत्या गोष्टींच्या वाटांचा. त्याला गतिकी प्रणाली म्हणतात.

म्हणजे काय? एक चौरस वावर घ्या. बैल सरळ रेषेत चालतोय. पूर्वेच्या बांधाला पोचला, की समोरच्या पश्चिम बांधावरून आत यायचा. उत्तरेला पोचला, की दक्षिणेकडून. पूर्वेला २ पावलं तर उत्तरेला ३, अशा हिशेबात चालला, तर तो पुन्हा जुन्याच वाटेवर येतो. पण हे प्रमाण दोनच्या वर्गमुळाचं असेल, तर वाट कधीच जुळत नाही. चालत राहिला, तर वावरातल्या कुठल्याही जागेच्या हवं तितक्या जवळून तो जातोच.

अशा वाटांच्या अभ्यासातून आकड्यांचे जुने प्रश्न सुटतात, हे रघुनाथन यांनी ओळखलं. ओपनहाइम यांनी १९२९ साली मांडलेला प्रश्न रशियाच्या मार्गुलिस यांनी १९८०च्या दशकात याच मार्गानं सोडवला. १९८९ साली दाणी आणि मार्गुलिस यांनी मिळून ते काम आणखी पुढं नेलं. १९९० साली दाणींना भटनागर पुरस्कार मिळाला. एका प्रश्नामागं साठ वर्षं गेली. तिथं चटाचटा काही नव्हतं.

याच दाणींनी १९९३ साली लिहून दाखवलं, की 'वैदिक गणित' पुस्तकातल्या युक्त्या वेदांतल्या नाहीत आणि झटपट आकडेमोड म्हणजे गणित नव्हे. जुन्याचा त्यांना राग होता असंही नाही. शुल्बसूत्रांतल्या खऱ्या भूमितीचा त्यांनी स्वतः अभ्यास केलाय.

वहिनींना म्हटलं, "क्लासनं हिशेब पटकन होतील, त्यात वाईट काही नाही. पण फी भरण्याआधी पोराला चौकटीच्या वहीत त्या बैलाची वाट काढायला द्या. 'असं का होतं?' म्हणत तासभर बसला, तर त्याला उठवू नका. गणिती तिथंच घडतो."