एक्स्टर्नल ड्राइव्ह घेताय? एक महागडी नको, दोन साध्या घ्या

बाबांची पोर्टेबल हार्ड डिस्क टेबलावरून पडली. उंची जेमतेम अडीच फूट. पुन्हा जोडली तर आतून नुसता टक्-टक् आवाज. त्यात ताईच्या लग्नाचे फोटो होते आणि आजीच्या आवाजात रेकॉर्ड केलेल्या ओव्या होत्या. कॉम्प्युटरवर जागा उरली नाही म्हणून बाबांनी सगळं त्या डिस्कवर हलवलं होतं. म्हणजे प्रत एकच. डेटा रिकव्हरीवाल्याने डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट रक्कम सांगितली, खात्री मात्र दिली नाही. लग्नाचे फोटो फोटोग्राफरकडून पुन्हा मिळाले. ओव्या गेल्या. घरात इंजिनिअर असून बॅकअपचा विषय कधी निघालाच नव्हता.

तेव्हापासून ‘कुठल्या कंपनीची ड्राइव्ह घेऊ?’ असं कोणी विचारलं, की मी आधी विचारतो, ‘ही उद्या बंद पडली तर दुसरी प्रत कुठे आहे?’

हार्ड डिस्क की एसएसडी?

हार्ड डिस्कमध्ये चकत्या वेगाने फिरतात आणि डेटा वाचणारं हेड त्यांच्या अगदी जवळून तरंगत असतं. म्हणून चालू डिस्कला धक्का बसणं वाईट. एसएसडीत हलणारा भागच नसतो. वेगातही फरक आहे. पोर्टेबल हार्ड डिस्क सेकंदाला साधारण 100 ते 140 एमबी डेटा हलवते, तर एसएसडी 500 ते 1000 एमबी. पण तेवढ्याच पैशांत हार्ड डिस्कवर जास्त जागा मिळते.

रोज बॅगेतून न्यायची असेल किंवा थेट ड्राइव्हवरच व्हिडिओ एडिट करायचे असतील तर एसएसडी घ्या. घरचे फोटो, व्हिडिओ कपाटात जपायचे असतील तर साधी हार्ड डिस्क पुरेशी आहे. शिवाय एसएसडी वर्षानुवर्षं वीज न देता पडून ठेवणं योग्य नाही. तिच्यात साठलेला विद्युतभार हळूहळू कमी होतो आणि डेटा जाऊ शकतो.

आधी पोर्ट बघा

जुन्या कॉम्प्युटरला फक्त यूएसबी 2.0 पोर्ट असेल, तर प्रत्यक्ष वेग सेकंदाला 30 ते 40 एमबीच्या वर जात नाही. तिथे महागडी एसएसडी लावूनही 100 जीबी कॉपी व्हायला पाऊण तास लागेल. यूएसबी 3 पोर्टवर साधी हार्ड डिस्क हेच काम साधारण पंधरा मिनिटांत करते. हे पोर्ट बऱ्याचदा आतून निळं असतं.

1 टीबीचे 931 जीबी का दिसतात?

ही फसवणूक नाही. कंपनी 1000च्या पटीत मोजते, विंडोज 1024च्या पटीत. खरी फसवणूक वेगळीच असते: नामांकित कंपनीच्या 1 टीबीपेक्षाही कमी किमतीत ‘16 टीबी एसएसडी’! अशा डबीत बरेचदा लहानसं मेमरी कार्ड असतं आणि ते कॉम्प्युटरला खोटा आकडा दाखवतं. खरी जागा संपली की पुढच्या फाइल्स खराब होतात किंवा जुन्यांवरच लिहिल्या जातात. शंका असेल तर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ हा मोफत प्रोग्रॅम रिकामी ड्राइव्ह पूर्ण भरून, पुन्हा वाचून तपासतो. परत करण्याची मुदत संपण्याआधी ही तपासणी करा.

दोन ड्राइव्ह म्हणजे दुप्पट खर्च?

असेलच असं नाही. एक फोटो 4 एमबीचा धरला, तर 1 टीबीत अडीच लाख फोटो मावतात. व्हिडिओ फारसे नसतील तर बहुतेक घरांना एवढी जागा पुरते. मग 4 टीबीची एक किंवा महागडी एसएसडी घेण्यापेक्षा 1 टीबीच्या दोन हार्ड डिस्क घ्या. वॉरंटीवर विसंबू नका. वॉरंटीत ड्राइव्ह बदलून मिळते, आतले फोटो नाही. क्लाउड ही चांगली तिसरी प्रत आहे, पण मोफत जागा लवकर भरते आणि सिंक चालू असेल तर इथे डिलीट केलेली फाइल तिथूनही जाते.

दुसरी ड्राइव्ह शक्यतो दुसऱ्या घरी ठेवा. चोरी झाली, आग लागली किंवा घरात पाणी शिरलं, तर एकाच कपाटातल्या दोन्ही जातील. ती हरवली तरी कोणाला उघडता येऊ नये म्हणून पासवर्ड लावून एन्क्रिप्ट करा आणि तो पासवर्ड घरात आणखी एकाला माहीत असू द्या.

आमच्याकडे आता दोन डिस्क आहेत. एक बाबांच्या कपाटात, दुसरी ताईच्या घरी. ती दिवाळीला आणि गणपतीला येते तेव्हा डिस्क बरोबर आणते आणि त्या दिवशी दोन्हींवर नवीन फोटो जातात. आजीच्या ओव्या त्यात नाहीत. तुमच्या घरी असं एखादं रेकॉर्डिंग एकाच ठिकाणी असेल, तर ड्राइव्हची खरेदी नंतर करा. त्याची एक प्रत आजच दुसरीकडे ठेवा.