पितळ तोलावें, कीं श्रम?

छत्तीसगडांतील बस्तरच्या मुलखांत, कोंडागांव व त्याच्या आसपास, घडवा कारागिरांचीं घराणीं पिढ्यान् पिढ्या पितळेच्या मूर्ति, दिवे, हत्ती व घोडे ओतीत आलीं आहेत. या कलेस ढोकरा म्हणतात. तिची रीति अतिप्राचीन आहे. १९२६ सालीं मोहेंजोदडो येथें सांपडलेली, जेमतेम साडेदहा सेंटिमीटर उंचीची नर्तकीची मूर्ति याच रीतीनें ओतली असावी, असें विद्वान् मानतात.

प्रथम मातीचा गाभा करावयाचा. तो वाळला कीं त्यावर मेणाचे बारीक धागे बसवून अंग, वस्त्र व अलंकार रचावयाचे. वरून पुनः मातीचे थर देऊन, मेणास वाट ठेवून, सांचा भट्टींत भाजावयाचा. मेण वितळून जातें आणि त्याच्या रिकाम्या जागेंत पितळेचा रस उतरतो. निवाल्यावर सांचा फोडावाच लागतो. म्हणून एका सांच्यांतून एकच मूर्ति निघते. दुसरीसाठीं पहिल्या धाग्यापासून आरंभ करावा लागतो. रस मध्येंच अडला, तर सारे श्रम मातीमोल होतात.

आतां हिचें मोल कसें होतें तें पहा. पुष्कळ वेळां ही मूर्ति तराजूंत घालून किलोच्या भावानें घेतली जाते. कोणी म्हणेल, गिऱ्हाइकास वजनच कळतें व स्वस्त वस्तूच खपते. यांत तथ्य नाहीं असें नव्हे. परंतु याचा परिणाम काय? ओबडधोबड काम जड म्हणून अधिक पैसे मिळवितें. नाजूक काम हलकें म्हणून कमी. म्हणजे कौशल्य वाढलें कीं प्राप्ति घटावयाची! अशा बाजारांत कारागिराच्या मुलानें वडिलांची विद्या कां शिकावी?

बायबलांतील निर्गमाच्या पुस्तकांत बसालेल नामक कारागिराची हकीकत आहे. सोनें, रुपें व पितळ घडविण्याची त्याची बुद्धि ही परमेश्वराची देणगी होय, असें तेथें सांगितलें आहे. अशा देणगीचें मोल वजनकांट्यावर करणें आपणांस शोभतें काय?

विद्यार्थी मित्रहो, एखाद्या प्रदर्शनांत अशी मूर्ति हातीं आली, तर तिचें वजन विचारण्यापूर्वीं "हिला किती दिवस लागले?" असें विचारा. आणि पालकांनींही त्या दिवसांचें मोल, मुलांच्या देखत, घासाघीस न करतां द्यावें. ही कला टिकावयाची असेल तर ती अशा गिऱ्हाइकांमुळेंच टिकेल.